ठिपके मोजून ढालकिडा ओळखता येतो का?

भोर-वेल्ह्यात ढालकिडे शोधत फिरताना हमखास विचारलं जातं, "दुर्मीळ काही सापडलं का?" त्या निमित्ताने आज एका पुस्तकाबद्दल.

जे. पूरानी यांचं भारतीय उपखंडातल्या ढालकिड्यांचं सचित्र मार्गदर्शक, भाग १, २०२३ मध्ये 'झूटॅक्सा'त आलं. माझ्या टेबलावर ते कायम उघडं असतं, आणि माझी फजितीही त्याच्याच संगतीत झाली. वेल्ह्याजवळ भातखाचराच्या बांधावर जेमतेम दोन मिलिमीटरचा ठिपकेवाला ढालकिडा मिळाला. चित्रं चाळली, एक जुळलं, वहीत 'दुर्मीळ' लिहून मोकळा झालो! मग भिंगाखाली पाठीवर बारीक लव दिसली. म्हणजे हा बहुधा स्किम्निनी गटातला; आणि हा भाग आहे फक्त कॉक्सिनेलिनी गटाचा. शीर्षकातच तसं लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं.

पुस्तकाची खरी ताकद सुंदर फोटोंच्या पलीकडे आहे. एकाच जातीची वेगवेगळी रंगरूपं आणि नराच्या जननांगाची चित्रं, हा त्याचा गाभा. शेतात नेहमी दिसणारा कायलोमेनेस सेक्समॅक्युलाटा घ्या. फॅब्रिशियसने १७८१ मध्ये त्याला 'सहा ठिपक्यांचा' असं नाव दिलं. प्रत्यक्षात पाठीवर नागमोडी काळ्या रेषा असतात, कधी कधी तो जवळजवळ काळाच असतो. ठिपके मोजून काय हाती लागणार?

तक्रार एवढीच, की पानावर तीन आणि सात मिलिमीटरचा किडा सारखाच ऐटदार दिसतो आणि नवशिक्या फसतो. शिवाय सगळी परिभाषा इंग्रजी. वांग्याच्या शेतकऱ्यापर्यंत ती पोचत नाही. त्याला तर ही ओळख रोजच लागते: मावा खाणारा ढालकिडा मित्रकीड, पण अठ्ठावीस ठिपक्यांचा त्याचा भाऊबंद वांग्याची पानंच खरवडून खातो.

आणि 'दुर्मीळ'? दोन मिलिमीटरचा किडा मुद्दाम शोधणारे किती जण असतात? क्वचित दिसणं म्हणजे क्वचित असणं नव्हे. वहीतला तो शब्द मी खोडलाय. आता तिथे आहे: 'स्किम्निनी? विच्छेदन बाकी.'

तुम्हाला असा किडा दिसला तर फोटोत शेजारी पट्टी ठेवा आणि झाडाचं नाव नक्की लिहा.