‘खर्च वाचतो’ : एका विधानाची चिकित्सा

फिल्मवर घेतलेल्या क्ष-किरणचित्रांपेक्षा संगणकीय चित्रे रुग्णालयास स्वस्त पडतात, हे विधान आता इतक्या वेळा केले जाते की त्याची छाननी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. अर्थशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. तथापि ‘खर्च वाचतो’ हे वाक्य भाषेच्या अभ्यासकानेच तपासावे अशा घडणीचे आहे. यातील क्रियापद अकर्मक. कर्त्याच्या जागी खर्चच उभा राहतो आणि ‘कोणाचा’ हे सांगणारी षष्ठी मुकाट्याने गळून जाते.

फिल्मच्या पद्धतीत खर्च दर चित्रामागे पडतो : चांदीच्या क्षारांचा लेप असलेली फिल्म, ती धुण्याची रसायने, डार्करूम, शिवाय जुनी पाकिटे राखण्यास लागणारी जागा व माणसे. संगणकीय पद्धतीत मोठी रक्कम आरंभीच घालावी लागते. पुढे देखभालीचा करार, चित्रांची साठवण आणि काही वर्षांनी यंत्रांची बदली चालूच राहते. मात्र चित्रे वाढली म्हणून हा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. तेव्हा दिवसाकाठी शेकडो तपासण्या करणाऱ्या रुग्णालयाचा निष्कर्ष दहाबारा करणाऱ्यास लागू करणे म्हणजे प्रमाणभाषेचे नियम बोलीवर लादण्यासारखेच होय.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने १९९० नंतरच्या दशकात फिल्मचा त्याग केला. ब्रुनेल विद्यापीठातील अभ्यासकांनी त्या प्रयोगाचे केलेले मूल्यमापन या प्रकारच्या लेखनात आदर्श मानावे असे आहे. एकूण खर्च वाढला, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले आणि हवे तेव्हा चित्र न सापडण्याचे प्रसंग घटले, हा लाभ निराळा मांडला. पुढे साठवण पुष्कळच स्वस्त झाली, त्यामुळे ते आकडे आज जसेच्या तसे घेता यावयाचे नाहीत. रीत मात्र अनुकरणीय आहे.

आपल्याकडे प्रश्न आणखी गुंततो. मराठी रुग्ण ‘छातीचा फोटो’ काढतो, आणि फोटो म्हणजे हाती पडणारी वस्तू. लंडनला चित्र रुग्णालयाच्या दप्तरी राहते. येथे ते पिशवीतून रुग्णाबरोबर गावोगाव हिंडते. म्हणून अनेक ठिकाणी चित्र संगणकीय यंत्रावर घेऊन पुन्हा फिल्मवर छापून देतात. म्हणजे दोन्ही खर्च उभे राहतात. कोठे छपाई बंद करून सीडी दिली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मातोश्रींना अशीच एक सीडी मिळाली. गावच्या डॉक्टरांकडे ती लावावयास यंत्र नव्हते. फोटो पुन्हा काढावा लागला. त्या रुग्णालयाच्या हिशेबात एका फिल्मची किंमत बचतीखाली पडली असणार. मातोश्रींचे गाडीभाडे, दुसऱ्या फोटोचे पैसे आणि किरणांचा दुसरा मारा यांना तेथे रकानाच नाही. वस्तुतः पहिल्या दोन बाबी रुग्णास विचारून सहज कळण्यासारख्या आहेत. तिसरीची मोजणी तंत्रज्ञास करता येते.