‘गोलपिठा’ आणि जाहीरनामा

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांनी सहकाऱ्यांसह दलित पँथर ही संघटना उभी केली. १९७३ मध्ये पँथरचा जाहीरनामा निघाला. कवितासंग्रह साहित्याच्या खात्यात आणि जाहीरनामा राजकारणाच्या, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ती मोडून दोन्ही शेजारी ठेवून वाचले की या चळवळीचा गाभा हाती लागतो.

दलित कोण, मित्र कोण, शत्रू कोण, हे प्रश्न जाहीरनामा थेट विचारतो. पहिल्याच उत्तरात अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध यांच्यासोबत कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रिया येतात. धर्माच्या नावाने, राजकारणातून, अर्थकारणातून ज्यांचे शोषण होते ते सगळेच येतात. या व्याख्येची चाल पाहण्याजोगी आहे. एकेक समूह दाखल होतो तसा परीघ वाढत जातो आणि जन्माने चिकटलेली ओळख शोषणाच्या अनुभवावर येऊन उभी राहते. मग जमीनदार, भांडवलदार आणि सावकार शत्रू का ठरतात, हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

‘गोलपिठा’ हेच काम भाषेत करतो. मुंबईतल्या कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीतली बोली ढसाळ कवितेत आणतात, पण रंगत वाढवणारी फोडणी म्हणून नव्हे. तीच कवितेची मुख्य भाषा होते. प्रस्तावना लिहिणाऱ्या नाटककार विजय तेंडुलकरांनाही त्यातले अनेक शब्द अनोळखी होते. ‘माणसाने’ या कवितेत मोडतोडीच्या आज्ञा एकामागून एक कोसळतात, वाचकाला दम घेऊ देत नाहीत. शेवटी मात्र स्वर पालटतो आणि कविता माणसामाणसांतल्या समतेपाशी येते. आधीचा उद्रेक या शेवटासाठीच होता, हे तेव्हा कळते.

कला आणि रोजचे जगणे यांतली भिंत पाडण्याचा विचार युरोपात १९५७ पासून सिच्युएशनिस्ट हे बंडखोर कलावंत-विचारवंत मांडत होते. अमेरिकेत १९६६ साली कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर ही संघटना उभी राहिली होती, आणि आपल्या पँथरने नाव तिच्यावरूनच घेतले. इथे मात्र आधी पाडायची होती ती दलित वस्तीला गावाबाहेर ठेवणारी वेस.

हिंगोलीच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. त्याच परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात १९७२ साली बौद्ध स्त्रियांना विवस्त्र करून त्यांची विटंबना झाली. पँथरच्या जन्मामागच्या संतापात ही घटना होती. ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात पँथरचे नेते राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा शेजारी मांडली, तेव्हा महाराष्ट्र ढवळून निघाला.

हिंगोली जिल्ह्यातल्याच नरसीच्या संत नामदेवांनी मंगळवेढ्याला गावकुसाखाली गाडल्या गेलेल्या, अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांच्या अस्थी पंढरीला आणल्या, असे परंपरा सांगते. ती माया थोर होती. पण चोखोबांची समाधी मंदिराबाहेरच राहिली. पँथरने मायेच्या पुढे जाऊन हक्क मागितला.

जाहीरनाम्यात मार्क्सवाद डोकावतो, असा आक्षेप ढाले यांनी घेतला आणि १९७४ मध्ये पँथर फुटली. बुद्ध-आंबेडकरांच्या विचाराशी निष्ठा हा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता. तरीही मला जाहीरनाम्याची व्यापक व्याख्याच अधिक मोलाची वाटते, कारण दुसऱ्याच्या दुःखाला आपल्या नावात जागा देण्याचे धैर्य तिच्यात आहे. ‘माणसाने’ कवितेच्या अखेरीस जो माणूस उभा राहतो, त्याच्यापर्यंत जाण्याची वाट या व्याख्येतून जाते. म्हणून मराठीच्या वर्गात ‘गोलपिठा’ शिकवताना जाहीरनामाही सोबत वाचावा, आणि परभणी-हिंगोलीच्या महाविद्यालयांत तर ब्राह्मणगावचे नाव घेऊनच वाचावा.