जेंटूचं हँडबुक: संशोधनाआधी वाचावं का?

नुकतंच पीएचडीला नाव नोंदवलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: लिनक्स शिकायचं तर उबुंटू पुरेल, की तो 'सोर्सवाला' लिनक्स लावून बघायचा? हो-नाहीत उत्तर देण्यापेक्षा सोर्सवाल्या मंडळींचा जो मुख्य ग्रंथ आहे, त्याचीच आज जरा चिकित्सा करते. ग्रंथ म्हणजे जेंटू लिनक्सचं हँडबुक.

आधी थोडी ओळख. डॅनिअल रॉबिन्स यांनी 'इनॉक' नावाने हे काम सुरू केलं, पुढे त्याचं जेंटू झालं, आणि १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. उबुंटूमध्ये प्रोग्राम शिजवून, डब्यात भरून येतो. जेंटूत शिधा येतो, स्वयंपाक तुमच्या मशीनवर. यूएसबीवरून मशीन चालू करायचं, डिस्कचे भाग पाडायचे, 'स्टेज-३' नावाची मूळ फाइल त्यात उलगडायची, 'क्रूट' करून आत शिरायचं, मग सेटिंगच्या फाइली, कर्नल आणि शेवटी बूटलोडर. हँडबुक याच क्रमाने जातं.

या पुस्तकाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते तुम्हाला निवड करायला लावतं, आणि ती निवड फाइलीत लिहून ठेवायला लावतं. 'यूज फ्लॅग' ही कल्पना बघा. प्रत्येक प्रोग्रामच्या ऐच्छिक सोयी असतात. कुठली हवी, कुठली नको, हे तुम्ही आधी सांगायचं. एचडीएफ५ या लायब्ररीचं उदाहरण घ्या. भूकंपशास्त्रापासून हवामानापर्यंत मोठा डेटा हिच्यात साठवतात. समांतर गणनेसाठीची एमपीआयची सोय आणि सी-प्लस-प्लसची सोय दोन्ही एकदम चालू करणं मूळ लेखकांनी बरीच वर्षं अधिकृत मानलेलं नाही. तयार पॅकेज घेणाऱ्याला ही भानगड कळतच नाही. त्याच्यासाठी निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असतो. जेंटूवाल्याला मात्र त्याच्यासमोर उभं राहावंच लागतं.

आमच्या किल्लारीच्या माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडली ती बहुतेक दगड-मातीची माळवदाची घरं. भिंती चांगल्या जाडजूड, बाहेरून भक्कम. पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधून ठेवणारे लांब दगड मधे नव्हते, आणि डोक्यावर मातीचं ओझं. भिंतीच्या पोटात काय आहे, हे बाहेरून दिसत नव्हतं. पुढे पुनर्वसनात ५२ गावं हलवली, तिथे घरं बांधून मिळाली. जिथे नुकसान कमी होतं तिथे घरमालकाला हप्त्याने मदत आणि इंजिनिअरचा सल्ला देऊन त्याच्याकडूनच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करून घेतलं. दुसऱ्या पद्धतीत पट्टा कुठे घालायचा, कोपरा कसा बांधायचा, हे मालकाला स्वतः बघावं लागलं. उपमा फार ताणत नाही. कोसळलेला प्रोग्राम परत चालू करता येतो.

आता हँडबुक कुठे कमी पडतं ते. कंपायलरला द्यायच्या सूचना, ज्यांना 'सी-फ्लॅग' म्हणतात, त्यांच्याकडे ते मुख्यतः वेग आणि स्थैर्य या नजरेतून बघतं. फार आक्रमक सूचना देऊ नका, प्रोग्राम बिघडेल, असं बजावतं. बरोबरच आहे. पण संशोधकाची भीती वेगळी असते: प्रोग्राम व्यवस्थित चालेल आणि उत्तर बदलेल. 'मार्च-नेटिव्ह' दिलं की कंपायलर तुमच्या प्रोसेसरच्या खास आज्ञा वापरतो. गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारी आज्ञा त्यात आली, तर दोनदा व्हायचं राउंडिंग एकदाच होतं आणि शेवटचे अंक हलतात. एका बेरजेत काही बिघडत नाही. हजारो फेऱ्यांच्या इन्व्हर्जनमध्ये मात्र तुमचा लॅपटॉप आणि गाइडच्या खोलीतलं मशीन वेगळी उत्तरं देऊ शकतात.

'फास्ट-मॅथ' त्याहून वाईट. ती सूचना दिली की कंपायलर असं धरून चालतो की 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण, डेटात कधी येणारच नाही. सिस्मोग्राममध्ये नोंद तुटली की ती जागा पुष्कळदा नॅननेच भरलेली असते. तुम्ही कोडमध्ये तपासणी लिहिलेली असते, आणि कंपायलर ती तपासणीच उडवून टाकू शकतो! एरर नाही, सूचना नाही. प्रबंधातला आलेख मात्र चुकलेला.

गंमत म्हणजे यावरचं औषध जेंटूतच आहे. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती, फ्लॅग, कंपायलरच्या सूचना यांची नोंद सिस्टिम स्वतः ठेवते. पद्धतीच्या प्रकरणाला जोडायला याहून चांगलं परिशिष्ट कुठलं? हँडबुकात या सोयीला जेवढं वजन मिळायला हवं तेवढं नाही.

दुसरी तक्रार आपल्याकडची. पुस्तक गृहीत धरतं की वीज आहे, नेट आहे, आणि शेजारी वाचायला दुसरं मशीन आहे. एकाच वेळी किती कामं चालवायची, याचा त्यातला हिशोब उपयोगी आहे: दर कामामागे साधारण २ जीबी रॅम. म्हणजे ४ जीबीच्या लॅपटॉपवर दोनच. त्यात एलएलव्हीएमसारखं अवजड पॅकेज अर्ध्यावर असताना लाइट गेली, तर 'इमर्ज-रिझ्यूम' यादी पुढे चालू करतं, पण ते अर्धवट पॅकेज सहसा पहिल्यापासून. डिसेंबर २०२३ पासून जेंटू स्वतःच तयार बायनरी पॅकेजंही देतं. काही जुन्या भक्तांना ते रुचलं नाही. माझ्या मते शहाणपणाचं आहे. ब्राउझर तयार घ्या, ज्यावर तुमचं उत्तर अवलंबून आहे ते स्वतः कंपाइल करा.

'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं पुस्तकही बरेच जण सुचवतात. त्यात वेळ मोजायचं एकक झकास आहे: पहिलं पॅकेज, बिनयुटिल्स, तुमच्या मशीनवर बांधायला लागेल तो वेळ म्हणजे एक, बाकी सगळं त्याच्या पटीत. पण आज्ञा इतक्या आयत्या दिल्यात की डोकं बाजूला ठेवून कॉपी-पेस्ट करत शेवटपर्यंत जाता येतं.

हे सगळं कशाला? उद्या पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारख्या मशीनवर खातं मिळालं, तर अ‍ॅडमिनचा अधिकार मिळणार नाही. हवा तो प्रोग्राम आपल्या होम डिरेक्टरीत सोर्समधून बांधावा लागेल, आणि 'लायब्ररी सापडली नाही' हा निरोप स्वतःच वाचावा लागेल. तेव्हा हँडबुकातली मूळ सिस्टिमची आणि कर्नलची प्रकरणं कामाला येतात. डिस्कचं प्रकरण नुसतं चाळलं तरी चालेल. व्हर्च्युअल मशीनमध्ये लावा, एखादी सुट्टी त्याला द्या. लॅपटॉपवरचा चालता उबुंटू पुसू नका, आणि प्रबंध सादर करायच्या वर्षी तर याच्या वाटेलाही जाऊ नका.