ओस नगरे, भरल्या पेठा

रामशरण शर्मा यांचा भारतातील नगरांच्या ऱ्हासावरील ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. इ. स. ३०० ते १००० या काळात जुनी नगरे ओस पडत गेली, हे त्याचे प्रतिपादन. वरच्या थरांतली घरे निकृष्ट, विटा जुन्याच उपसून वापरलेल्या, नाणी विरळ. असा उत्खननांतला पुरावा शर्मांनी स्थळवार मांडला. दूरचा व्यापार आटला आणि शहरे खचली, हे त्यांचे सूत्र. राजांच्या सनावळीत अडकलेला इतिहास त्यांनी जमिनीवर आणला, हे ऋण मान्यच केले पाहिजे.

परंतु कुदळ पोचेल तेवढेच नगर या पद्धतीला दिसते. आजच्या वस्तीखाली गाडलेली पेठ खणायची कशी? ती शिलालेखांतच शोधावी लागते. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी ते केले. आसपासची शेती, देवस्थाने, स्थानिक सत्ता आणि बाजार यांतून नवी नगरे उभी राहिली, असे त्यांच्या १९९४ च्या ग्रंथात दिसते. मला ही मांडणी अधिक पटते. तिची साक्ष आमच्या बेळगावातच आहे.

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील, इ. स. १२०४ चा येथील शिलालेख बीचण या अमात्याने बांधलेल्या जिनालयाच्या दानाची नोंद करतो. दान देणाऱ्यांत कुंडी प्रांतातले व्यापारी आहेत, लाट म्हणजे दक्षिण गुजरातेतले आहेत, मलयाळ देशाचेही आहेत. शिवाय सोनार, कापडवाले, तेलवाले. दूरचा व्यापारी आला खरा. पण राजसत्ता, देवालय आणि भोवतालचा शेतमाल जिथे एकत्र आले होते, तिथे आला. शर्मांच्या सूत्रात ही दुसरी बाजू फार पुसट राहते.

लेख कानडी आहे. वर्गात मुले विचारतात, "सर, हे शहर मुळात कोणाचे?" सीमाभागात या प्रश्नाला धार असते. कित्येक वर्षे मी हा शिलालेख टाळून पुढचा धडा काढीत असे. आता त्यातली व्यापाऱ्यांची यादीच आधी फळ्यावर लिहितो आणि मुलांना विचारतो, "यांतल्या कोणाला वगळले, तर ही पेठ भरेल?" मुले थोडा वेळ गप्प बसतात. त्या गप्प बसण्यातूनच पुढचा तास सुरू होतो.