दुष्काळ नेमका कोणाचा?

सातारा-सांगलीच्या पूर्वेकडचा माण, खटाव, आटपाडी, जत हा टापू कायम अवर्षणाचा. १८७६-७७, १८९६-९७, १८९९-१९००, १९७२, २००३, २०१२-१३ अशी सालांची माळ येथे कोणीही ओवून दाखवील. मग 'दुष्काळाचे चक्र' हा शब्द येतो आणि त्याच्या पाठोपाठ इतिहासापासून धडा घेण्याचा उपदेश. चक्र म्हटले की फिरविणारा कोणी लागत नाही. या दोन जिल्ह्यांशी नाते असलेल्या चार लेखकांचे लेखन शेजारी ठेवले, म्हणजे हा शब्द किती लबाड आहे ते कळते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही श्रेष्ठ कादंबरी आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पाऊस जातो, मेंढरे मरतात, धनगर वाडी सोडतात, अखेर मास्तरही निघतो. दुष्काळ सगळ्यांवर सारखाच कोसळतो आणि गुन्हेगार एकटे आभाळ ठरते. वाडी बहुतांशी एकाच जमातीची असल्यामुळे ते खोटे वाटत नाही. चूक केली ती समीक्षेने. वाडीचा दुष्काळ तिने साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राचा दुष्काळ म्हणून मिरविला. गावाला गावकुस असते, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा'त (१९५९) प्रश्नच उलटा केला. माणसे उपाशी मरत असतात तेव्हाही धान्य असते. ते कोणाच्या तरी कोठारात असते. फकिरा आभाळाकडे पाहत बसत नाही, कोठार फोडतो. या कृतीला 'रोमँटिक' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी निदान एवढे सांगावे, की त्या उपाशी मांगवाड्याला दुसरा कोणता मार्ग मोकळा होता?

आटपाडीच्या शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) विहिरीत प्रेत तरंगते. ते काढण्यासाठी तराळकी करणाऱ्या बापाला हुकूम सोडून विहिरीत उतरविले जाते. ज्या गावगाड्यात महाराने पाणवठ्याला शिवायचे नाही, त्याच गावगाड्यात प्रेतासाठी मात्र त्याला विहीर मोकळी! हे दुष्काळाचे वर्णन नव्हे, असे कोणी म्हणेल. माझ्या मते माणदेशाच्या दुष्काळाचे यापेक्षा नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

पण सगळ्यांत बोलका पुरावा बाबासाहेबांच्या आठवणींत, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आहे. साल १९०१. खटाव तालुक्यातील गोरेगावी दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदण्यास घेतला होता आणि रामजीबाबा तेथे खजिनदार होते. वडिलांना भेटण्यासाठी बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा गाडी मिळाली, तीही पोरांनी स्वतः हाकायची. जवळ शिदोरी होती, पाणी नव्हते. नाक्यावर मुसलमान म्हणून सांगूनही ते मिळाले नाही, आणि अन्न उशाशी असताना पोरे उपाशी झोपली. तलाव दुष्काळ निवारण्यासाठी खोदला जात होता. त्या कामाचा पैसा ज्या हातांतून जात होता, त्याच हातांच्या मुलांना वाटेत घोटभर पाणी नव्हते! पाऊस पडला असता, तलाव भरला असता, तरी या मुलांची तहान तशीच राहिली असती. एक दुष्काळ येतो आणि जातो. दुसरा कधी गेलाच नव्हता. चक्राचा सिद्धान्त या दुसऱ्याला मोजतच नाही.

आजचे प्रश्न याच कसोटीवर तपासले पाहिजेत. १९७२ च्या खडीच्या ढिगांनी रोजगार हमीला बळ दिले, वि. स. पाग्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात आधी करून पाहिलेल्या या कल्पनेचा १९७७ साली कायदा झाला. हा शिकलेला धडा खराच, आणि तो मोठा आहे. पण काम मिळाले तरी पाणी कोणाचे, हा प्रश्न तसाच उरला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने कृष्णेचे पाणी लातूरला गेले, त्याचे कौतुक झाले, व्हायलाही हवे. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणसे टँकरची वाट पाहत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली शहर पुरात बुडाले, तेव्हाही दुष्काळी पट्ट्याची तहान भागलेली नव्हती. पाणी नाही म्हणून तहान आहे, हे आता तरी कोणी म्हणू नये.

उत्तराचा शोध याच मातीत सुरू झालेला आहे. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण उभारले, तेव्हा भूमिहीनांसह सर्वांना सारखे पाणी हे सूत्र त्यांनी धरले. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला भरलेल्या पाणी परिषदांनी हीच मागणी लावून धरली: जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा. रानच नाही त्याला पाणी कशाला, असे शहाणी माणसे विचारतात. त्याने ते खंडाने घेतलेल्या रानाला पाजावे किंवा दुसऱ्याला देऊन मोबदला घ्यावा. ते त्याचे तो ठरवील.