अप्रमाण भाषा

एखाद्या भाषिक समाजात शासन, शिक्षण, मुद्रण व विद्वच्चर्चा यांसाठी जे भाषारूप मान्यता पावलेले असते, त्यास प्रमाण भाषा म्हणतात. त्याहून भिन्न असलेली रूपे अप्रमाण ठरतात. ही व्याख्या निर्दोष दिसते. परंतु 'अप्रमाण' ही संज्ञा केवळ अभाव सांगते. त्या रूपाला स्वतःची व्यवस्था आहे किंवा नाही, याविषयी ती मौन पाळते. व्यवहारात मात्र 'अप्रमाण' म्हणजे 'अशुद्ध' आणि 'अशुद्ध' म्हणजे 'नियमहीन' असा अर्थ सर्रास केला जातो. या दोन्ही पायऱ्यांना भाषाविज्ञानाचा आधार नाही.

'पाणी' व 'पानी' या रूपांचे उदाहरण बोलके आहे. 'पानी' म्हणणाऱ्याची गणना मराठीत अशिक्षितांत होते. हिंदीत तेच रूप शिष्टसंमत आहे. संस्कृत 'पानीय' या शब्दातही न आहे. तो प्राकृतात ण झाला व मराठीने तो स्वीकारला. म्हणजे संस्कृताशी जवळीक ही शुद्धतेची कसोटी मानल्यास प्रमाण रूपच भ्रष्ट ठरेल. अर्थात बोलींतील हा न संस्कृतापासून जपून ठेवलेला नव्हे. त्या बोलींत ण व न यांचा भेदच लोपला आहे, म्हणून संस्कृत 'बाण' हाही 'बान' होतो. पण असा लोप हाही ध्वनिनियमच होय. सुशिक्षितांच्या मराठी उच्चारातून श व ष यांचा भेद असाच बहुतांशी नाहीसा झाला आहे. त्यास मात्र कोणी गावंढळपणा म्हणत नाही.

वऱ्हाडीतील 'मले', 'तुले', 'त्याले' ही रूपे प्रमाण भाषेतील '-ला' या प्रत्ययाइतकीच नियमित आहेत. 'डोळा', 'काळा' यांची 'डोया', 'काया' ही रूपेही तशीच. दोष रूपात नसून रूप उच्चारणाऱ्याच्या सामाजिक स्थानात पाहिला जातो. अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्क शहराच्या अभ्यासात (१९६६) स्वरानंतरचा र उच्चारणे तेथे प्रतिष्ठेचे लक्षण असल्याचे दाखविले. इंग्लंडमधील शिष्ट उच्चारात तो र गाळणे हेच प्रतिष्ठेचे असते.

हा विचार भारतीय परंपरेस अपरिचित नव्हता. पतंजलीने महाभाष्यात 'गौः' या एका साधुशब्दाचे 'गावी', 'गोणी', 'गोता' इ. अनेक अपभ्रंश नोंदविले, ते त्यांना असाधू ठरविण्यासाठीच. परंतु त्यानेच यर्वाण-तर्वाण नावाच्या ऋषींची कथा दिली आहे. नेहमीच्या बोलण्यात 'यद्वा नः, तद्वा नः' याऐवजी अपभ्रष्ट उच्चार करणारे हे ज्ञानी ऋषी यज्ञकर्मात मात्र तसे बोलत नसत. साधुत्वाचे बंधन प्रसंगापुरते असते, ही मर्यादा आधुनिक शुद्धिवाद्यांनी पाळली नाही.

मराठीच्या प्रमाण रूपाची आजची घडण मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहे. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६), शालेय पुस्तके आणि छापखाने यांनी पुणे-परिसरातील शिष्टवर्गाच्या भाषेस स्थैर्य दिले. विस्तीर्ण प्रदेशाला एक लेखी माध्यम मिळाले, हा लाभ मोठाच होय. तो नाकारणारी टीका एकांगी आहे. तथापि हे माध्यम निर्णयाने घडते व निर्णयानेच बदलते. 'नांव', 'पांच' असे सानुस्वार लेखन १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर अशुद्ध झाले. शब्द मात्र होते तेच राहिले. 'मले' लिहिणाऱ्या मुलाला लेखनात 'मला' हे रूप शिकविणे हे शाळेचे कामच आहे. घरी तू चुकीचे बोलतोस, असे त्याला सांगणे हे त्या कामात मोडत नाही, आणि गोंधळ नेमका येथेच होतो.

साहित्यात बोलीला दीर्घकाळ संवादापुरताच प्रवेश होता. ग्रामीण कथेत पात्रे बोलीत बोलत व निवेदक प्रमाण भाषेत त्यांचे आकलन करून देई. विचार करण्याचा अधिकार जणू निवेदकाकडेच राही. बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांनी (१९५२) ही विभागणी मोडली. तेथे खानदेशी बोली वर्णनासाठी आहे, तशीच चिंतनासाठीही. नामदेव ढसाळ यांच्या गोलपिठा (१९७२) या संग्रहात मुंबईच्या वेश्यावस्तीतील भाषा संस्कृतप्रचुर शब्दांशेजारी आली. या दोहोंचे स्वागत मात्र सारखे झाले नाही. बहिणाबाईंच्या बोलीचे 'गोडवा' म्हणून कौतुक झाले, तर ढसाळांच्या शब्दांवर अश्लीलतेचा आक्षेप आला. 'गोडवा' हा शब्दही पूर्ण न्याय्य नाही. त्याने बोलीला मान मिळतो, पण तीतील विचाराकडे दुर्लक्ष होते.