‘हवा मानवली नाही’ : दोन मराठी स्त्रियांची अमेरिका आणि हवामानाचा प्रश्न

मराठीतील अमेरिकाविषयक लेखनाचा अभ्यास करताना समीक्षकांचे लक्ष प्रामुख्याने दोन गोष्टींवर खिळलेले दिसते. तेथील समाजजीवनाचे लेखकाला वाटलेले आकर्षण ही पहिली, आणि मायदेशाची ओढ ही दुसरी. तेथील हवामानाची दखल मात्र निसर्गवर्णनाच्या सदरात घेतली जाते आणि तेवढ्यावरच विषय संपतो. वास्तविक उष्ण कटिबंधातून गेलेल्या माणसाच्या शरीराला अमेरिका प्रथम जाणवते ती तिच्या हिवाळ्यातून. विचारांनी स्वीकारलेला देश शरीराला झेपतो की नाही, आणि न झेपल्यास दोष कोणाला दिला जातो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील दोन मराठी स्त्रियांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. डॉ. आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई या त्या दोघी होत.

दोघींची अमेरिकेतील भेट ११ मार्च १८८६ रोजीच्या पदवीदान समारंभाशी निगडित आहे. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाईंना त्या दिवशी एम. डी. ही पदवी मिळाली आणि त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. फेब्रुवारी महिन्यातील अटलांटिक ओलांडून त्या नुकत्याच उतरल्या होत्या. आनंदीबाईंनी त्या देशात तीन हिवाळे काढले होते. यानंतर वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाईंचे पुण्यात क्षयाने निधन झाले. रमाबाई १८८८ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या, देशभर हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांचा ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाच्या मनात तेव्हापासून एक वाटणी रूढ झाली आहे. रमाबाईंच्या वाट्याला अमेरिकेचा विचार आला आणि आनंदीबाईंच्या वाट्याला तेथील थंडी.

आनंदीबाईंच्या अकाली मृत्यूचे कारण सांगताना ‘तेथील हवा व आहार मानवला नाही’ हे वाक्य शालेय भाषणांपासून कोशवजा टिपणांपर्यंत सर्वत्र आढळते. वाक्य खोटे आहे असे नाही. फिलाडेल्फियाचा हिवाळा कडक असतो आणि शाकाहारी ब्राह्मण स्त्रीला तेथे पुरेसे अन्न मिळणे त्या काळी अवघड होते. तथापि या वाक्यात जे सांगितले जाते त्याहून अधिक झाकले जाते. प्रस्थानापूर्वी, बंगालमधील वास्तव्यातच, आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली होती. सततची डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून येणारा ताप या तक्रारी त्यांच्या पत्रव्यवहारातून समजतात आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांच्यासाठी अमेरिकेहून औषधे पाठविली होती. म्हणजे हिमाचा पहिला कण पाहण्याआधीच त्या आजारी होत्या. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध मार्च १८८२ मध्ये जाहीर केला होता, आनंदीबाईंच्या प्रस्थानाच्या जेमतेम वर्षभर आधी. परंतु लोकांच्या मनात आणि बऱ्याच अंशी वैद्यकव्यवहारातही क्षय हा हवेचा रोग होता आणि हवापालट हा त्यावरचा उपाय. या समजुतीचे अवशेष आपल्या चरित्रलेखनात आजही टिकून आहेत, एवढेच म्हणता येईल.

येथे पोशाखाचा मुद्दा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू, असे जाहीर आश्वासन दिले होते. या आश्वासनाचा व्यवहारातील अर्थ वस्त्र आणि अन्न हाच होता. काष्टा घातलेले नऊवारी लुगडे नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याण वा पुण्याच्या हवेत त्यात अडचण नाही. शून्याखालील तापमानात आहे. आनंदीबाईंनी त्यावर मार्ग काढला तो गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा. त्यामुळे पाय झाकले गेले, शिवाय वचनही मोडले नाही. वैद्यकाच्या विद्यार्थिनीला शोभेल असाच हा निर्णय होता. परंतु एवढा बदलही गोपाळरावांना रुचला नाही आणि त्यांच्या नाराजीचे उत्तर आनंदीबाईंना पत्रातून द्यावे लागले.

हा प्रसंग लहान आहे, परंतु समीक्षेच्या दृष्टीने तो निर्णायक मानावा लागतो. थंडीशी जुळवून घेण्याची समज आणि इच्छा त्या मुलीजवळ होती (पदवी मिळाली तेव्हा तिचे वय एकवीस वर्षेही पुरे झालेले नव्हते). जुळवून घेण्याची मुभा किती, हे मात्र तिच्या हाती नव्हते. समाजाने ज्या अटींवर तिला जाऊ दिले त्या अटी आणि तेथील हिवाळा यांच्या कात्रीत तिचे शरीर सापडले. ‘हवा मानवली नाही’ असे म्हटले की अटी घालणारे सर्वजण सुटतात. हवेवर फिर्याद दाखल करता येत नाही आणि हवा उलट उत्तरही देत नाही.

आनंदीबाईंच्या जीवनावरील मराठी लेखनात या प्रश्नाकडे दुर्लक्ष का झाले, याचे एक कारण त्या लेखनाच्या रचनेत आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात समकालीन स्त्रीची आस्था आहे आणि पत्रांचा आधार आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ही कथा घराघरांत पोहोचविली. परंतु शीर्षकातच दाम्पत्य असल्यामुळे तिचा भार गोपाळरावांच्या विक्षिप्त जिद्दीकडे झुकतो. २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या समीर विद्वांस दिग्दर्शित चित्रपटाचेही तेच केंद्र आहे. पती-पत्नीमधील ताण हा कथेचा गाभा ठरला की परदेशातील वर्षे उपसंहारासारखी होतात, आणि उपसंहारात नायिकेला मारण्यासाठी लेखकाला थंडी आयती सापडते. याला सन्मान्य अपवाद म्हणून अंजली कीर्तने यांच्या चरित्रग्रंथाचा आणि मीरा कोसंबी यांच्या संशोधनाचा उल्लेख केला पाहिजे. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र तर १८८८ मध्येच, म्हणजे निधनानंतरच्या वर्षीच, बोस्टनमध्ये प्रसिद्ध झाले होते.

आता रमाबाईंकडे वळताना एक गोष्ट प्रारंभीच लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेवर ग्रंथ लिहिणारी ही स्त्री दुष्काळातून वाचलेली होती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत भटकंती करीत असताना वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि मोठी बहीण यांचा उपासमारीने काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू झाला. उरलेली दोन भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. निसर्गाचा कोप म्हणजे काय हे रमाबाईंना पुस्तकांतून शिकावे लागले नाही. म्हणूनच त्यांना अमेरिकेचे वाटलेले आकर्षण हे भोळ्या प्रवाशाचे आकर्षण नव्हते. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, व्यापार, स्त्रियांची स्थिती अशा विषयांवर त्यांनी प्रकरणे लिहिली. मूळ रहिवाशांवरील अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा भेदभाव त्यांनी झाकून ठेवला नाही. टोप्यांवर पक्ष्यांची पिसे मिरविणाऱ्या बायकांनाही त्यांनी सोडले नाही. मात्र स्वतंत्र माणसे एकत्र येऊन संस्था उभारतात आणि ती चालवितात, या गोष्टीपुढे त्या मनापासून नतमस्तक झालेल्या दिसतात. या बाबतीत त्यांचा ग्रंथ क्वचित एकांगीही होतो. वसाहतवादी इंग्लंडला दुखावण्याची संधी म्हणून अमेरिकेची स्तुती कोठे वाढली आहे, हे नव्या अभ्यासकांनी तपासण्यासारखे आहे.

रमाबाई अमेरिकेत असतानाच त्या देशाने दोन भीषण हिमवादळे अनुभवली. १२ जानेवारी १८८८ रोजी डाकोटा, नेब्रास्का या गवताळ प्रदेशांत सकाळची उबदार हवा काही मिनिटांत बदलली आणि दोनशेहून अधिक माणसे गोठून मेली. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले पुष्कळ होती. हे लोक बहुतांशी युरोपातून आलेले नवागत होते. सुपीक जमीन आणि आरोग्यदायी हवा यांची रेल्वे कंपन्यांनी केलेली जाहिरात वाचून ते तेथे गेले होते. अमेरिकेचे आकर्षण आणि अमेरिकेचे हवामान यांची गाठ इतक्या निष्ठुरपणे क्वचितच पडली असेल. दोन महिन्यांनी, ११ ते १४ मार्च या दिवसांत, न्यूयॉर्क आणि आसपासची राज्ये बर्फाखाली गाडली गेली. सुमारे चारशे बळी गेले. लष्कराच्या सिग्नल खात्याकडे १८७० पासून हवामानाचे अंदाज देण्याचे काम होते, परंतु हे वादळ त्याला आधी दिसले नाही. नंतर जे घडले ते मात्र अभ्यासनीय आहे. तारा जमिनीखालून नेण्यात आल्या, भुयारी रेल्वेच्या कल्पनेला बळ मिळाले आणि बोस्टनमध्ये ती १८९७ मध्ये सुरूही झाली. हवेला दोष देऊन विषय मिटविण्यात आला नाही.

याच बोस्टनमध्ये १३ डिसेंबर १८८७ रोजी रमाबाई असोसिएशनची रीतसर स्थापना झाली होती. भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे तिने मान्य केले आणि ठिकठिकाणच्या मंडळांतील सभासदांच्या लहान वर्गणीवर तिचा कारभार चालला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाचा तोच दिवस, बरोबर तीन वर्षांनी. या संस्थेची कसोटी लागली ती १८९६-९७ च्या दुष्काळात. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावची जमीन, तेथे खोदलेल्या विहिरी, शेत आणि मुक्ती सदन ही सारी उभारणी या काळातील आहे. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा हीच यंत्रणा पुन्हा कामास आली. या कार्याचे धर्मांतराच्या अंगाने झालेले वाद सर्वपरिचित आहेत आणि ते सोडून देता येत नाहीत. परंतु अमेरिकेवरील ग्रंथाचे मूल्यमापन करताना केडगाव बाजूला ठेवले तर ग्रंथाचा अर्थच निम्मा राहतो. वर्गणी, मंडळ, हिशेब, वार्षिक अहवाल या रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींचे जे वर्णन त्यात आहे, ते सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आई-वडिलांना डोळ्यांदेखत मरताना पाहिलेल्या मुलीने केले आहे. अशी एखादी संस्था १८७४ मध्ये तिच्या वाटेवर असती तर काय झाले असते, हा प्रश्न वाचकाने त्या पानांवर ठेवून वाचावे.

जालन्यातील वाचकाला हे वाचन दूरचे वाटू नये. आनंदीबाईंच्या दहा वर्षे आधी, ऑक्टोबर १८७३ मध्ये, जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्स परिषदेत बोलले होते. अमेरिकेशी या भूमीचा संबंध आजचा नाही. आणि ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द तर येथे रोजच्या व्यवहारातले आहेत. १९७२ चा दुष्काळ अजून घराघरांत सांगितला जातो. २०१२-१३ मध्ये अंबड, घनसावंगी परिसरातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, शेतकऱ्यांनी उभी झाडे तोडली. पाऊस कमी पडला हे खरेच होते. परंतु धरणातले पाणी कोणत्या पिकाला गेले, विंधनविहिरी किती खोल गेल्या, टँकर कोणत्या वस्तीत आधी पोहोचला, हे प्रश्न पावसाचे नव्हते. ‘हवा मानवली नाही’ आणि ‘पाऊसच पडला नाही’ या दोन वाक्यांची जात एकच आहे.

पुढे अमेरिकेकडून आपण काय घेतले, हेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. ढगांवर रसायन फवारून पाऊस पाडण्याच्या आधुनिक तंत्राचा उगम १९४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत झाला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे रडार बसवून विमानाने हा प्रयोग मराठवाड्यात करण्यात आला, २०१९ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. विमान आकाशात दिसले की वृत्तपत्रांना छायाचित्र मिळते. वर्गणीच्या वहीचे छायाचित्र कोणी छापत नाही. रमाबाईंनी जी अमेरिका पाहिली ती प्रामुख्याने वहीतली होती.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेल्या मराठी कुटुंबांच्या लेखनात हिवाळ्याचे स्वरूप आणखी पालटले. घरे तापलेली, मोटारी तापलेल्या. बर्फ आता शरीराला फारसा लागत नाही, तो एकटेपणाची प्रतिमा होऊन येतो. शोभा चित्रे यांच्या ‘गोठलेल्या वाटा’ या शीर्षकातूनच ते सूचित होते. या लेखनाचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. आनंदीबाईंच्या पत्रांतील थंडी मात्र प्रतिमा नाही. ती पोटऱ्यांना लागणारी थंडी आहे, आणि तिचे वाचन त्याच पातळीवर, लुगड्याच्या लांबीपासून सुरू व्हावयास हवे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९६ मध्ये रमाबाईंचा ग्रंथ पुन्हा उपलब्ध करून दिला आहे. पदव्युत्तर वर्गात तो आनंदीबाईंच्या पत्रांशेजारी ठेवून शिकविला गेला, तर फिलाडेल्फियाच्या त्या एकाच सभागृहात बसलेल्या दोघींपैकी एकीला विचारवंत आणि दुसरीला हवामानाचा बळी ठरविणारी वाटणी विद्यार्थ्यांना स्वतःच तपासता येईल.